पीसीएलच्या तंतूंवर ॲपेटाइट एका दिशेत वाढवताना: कामाच्या नोंदी

पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरचे, म्हणजे पीसीएलचे, नॅनोतंतू एका दिशेत कातायचे आणि त्यांच्या अंगावर हायड्रॉक्सिॲपेटाइटचे, म्हणजे हाडातल्या कॅल्शियम फॉस्फेट खनिजाचे, स्फटिक वाढवायचे. अट एकच: स्फटिकाचा सी-अक्ष, म्हणजे स्फटिकाच्या स्वतःच्या लांबीची दिशा, तंतूच्या लांबीला समांतर हवा. हाडात खनिज कोलॅजेनच्या तंतुकांना धरून असंच बसलेलं असतं, काही नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांसारखं. मोडलेलं हाड भरून येताना खनिजाची घनता आधी परत येते आणि दिशा मागाहून. ती दिशा आधाराच्या जाळीतच देऊन ठेवता येते का, हे बघायचंय.

पॉलिमरवर ॲपेटाइटचा नुसता थर चढवायच्या कृती ढिगाने सापडतात आणि त्या चालतातही. दिशा मात्र त्या कृतींतून आपोआप येत नाही. ज्यांना दिशा हवी आहे त्यांच्यासाठी या नोंदी.

६ जानेवारी

कताई सुरू, म्हणजे विजेच्या दाबाने द्रावणातून तंतू ओढून फिरत्या ड्रमवर गोळा करणं. पीसीएल, रेणुभार ८० हजार, फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात १५ टक्के. सुई ते ड्रम अंतर १५ सेंटिमीटर, १५ किलोव्होल्ट, तासाला अर्धा मिली. क्लोरोफॉर्ममध्येही कातता येतं, पण त्यातले तंतू जाड निघतात आणि पुढे टीईएममध्ये, म्हणजे पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, जाड तंतू काही कामाचे नाहीत.

ड्रमचा व्यास १० सेंटिमीटर. मिनिटाला ५०० फेऱ्यांवर तंतू वाटेल तसे पडले. २,००० फेऱ्यांवर ओळीत आले. दुसऱ्याच्या कृतीतला फेऱ्यांचा आकडा उचलू नका, त्याचा ड्रम केवढा होता ते बघा. खरा आकडा पृष्ठभागाच्या वेगाचा: आमच्याकडे ५०० फेऱ्यांना तो सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास येतो, २,००० ला साडेदहा.

काल ढवळून ठेवलेलं द्रावण आज वापरलं तर तंतूंवर मणीच मणी. फॉर्मिक आम्लात पीसीएलची साखळी हळूहळू तुटते, द्रावण पातळ होतं. सकाळी विरघळवायचं आणि दुपारपर्यंत कातून मोकळं व्हायचं.

९ जानेवारी

सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड, एसबीएफ: रक्तद्रवासारखे क्षार असलेलं, खनिज वाढवायचं द्रावण. कोकुबो यांच्या गटाची कृती, २००६ मध्ये पुन्हा छापलेली. एका लिटरला: सोडियम क्लोराइड ८.०३५ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.३५५, पोटॅशियम क्लोराइड ०.२२५, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ट्रायहायड्रेट ०.२३१, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ०.३११, एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ३९ मिली, कॅल्शियम क्लोराइड ०.२९२, सोडियम सल्फेट ०.०७२, शेवटी ट्रिस (पीएच सांभाळणारा बफर) ६.११८. हाच क्रम पाळायचा. कॅल्शियमच्या आधी आम्ल पडलेलं असतं म्हणून फॉस्फेटशी त्याची गाठ पडली तरी गाळ होत नाही.

ट्रिस चिमटी-चिमटीने घालायचं, तापमान ३६.५ च्या जवळ ठेवून. एका जागी भसकन पडलं की तिथे पीएच चढतो आणि पांढरी झाक दिसते. ती झाक ढवळल्यावर नाहीशी झाली तरी द्रावण गेलं म्हणून समजा, कारण डोळ्यांना न दिसणारे कण आत राहतात आणि पुढे त्यांच्यावरच सगळं खनिज वाढतं. आमचं एक पूर्ण लिटर असंच ओतून द्यावं लागलं. शेवटचा पीएच ३६.५ अंशांना ७.४०. पीएच मीटरही त्याच तापमानाला जुळवून घ्या, ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर बराच सरकतो.

काचेचं भांडं नको. चरे पडलेलं प्लास्टिकही नको. प्रत्येक बॅचमधलं थोडं द्रावण सॅम्पल न घालता तसंच दोन-तीन दिवस ३६.५ अंशांना ठेवायचं. त्यात गाळ दिसला तर ती बॅच बाद.

१४ जानेवारी

कोरी जाळी एसबीएफमध्ये तरंगते. बुडवून धरली तरी आत हवा अडकलेली. बाहेर काढली तेव्हा जवळजवळ कोरडीच होती, खनिजाचा तर प्रश्नच नाही. पीसीएलला पाण्याचं वावडं आहे हे वाचलेलं होतं, पण तंतूंच्या जाळीत ते सपाट फिल्मच्या कितीतरी पट जाणवतं.

आता आधी इथेनॉलमध्ये भिजवतो, मग इथेनॉल कमी-कमी करत पाण्यावर आणतो. एकदा भिजलेली जाळी मध्ये सुकू द्यायची नाही.

२० जानेवारी

सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया. एस्टरचे बंध तुटून पृष्ठभागावर कार्बोक्झिल गट येतात, ते कॅल्शियम धरतात. फिल्मसाठी लिहिलेली वेळ तंतूंना लावली तर बारीक तंतू तुटून जाळीचा पिंजलेला कापूस होतो. एक मोलर द्रावणात वेळ कमी करत आलो. जाळी चिमट्याने उचलल्यावर एकसंध राहिली पाहिजे, ही आमची कसोटी.

प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायूचा मारा, करूनही बघितला. काम झटपट होतं, पण जाळी हवेत पडून राहिली की पृष्ठभाग पुन्हा पाण्याला नकार देऊ लागतो. प्लाझ्मा केला तर त्याच दिवशी द्रावणात टाका.

२९ जानेवारी

खनिज चढलं. एसईएममध्ये, म्हणजे पृष्ठभाग दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, तंतूंवर दाट थर, जवळून बघितलं तर सुयाच सुया, सगळ्या बाहेरच्या दिशेने. साळिंदराच्या पाठीसारखं. दिसायला सुंदर. आणि मध्येच मोठे-मोठे चौकोनी ठोकळे. ते मी मोठ्या उत्साहाने "स्फटिक" म्हणून दाखवले तर एसईएमवाल्या मॅडम म्हणाल्या, "अहो, हे मीठ आहे. धुतलंय का नीट?" नीट धुतलं नव्हतं. एसबीएफमध्ये सर्वांत जास्त काय असेल तर सोडियम क्लोराइड, ते सुकताना घन आकारात बसणारच.

या बॅचमधून आणखी एक हिशेब नीट समजला. नेहमीचा नियम असा: सॅम्पलचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला दहाने भागा, तेवढे मिली द्रावण. एक सेंटिमीटर चौकोनी तुकडा, दोन्ही बाजू धरून २०० चौरस मिलिमीटर, म्हणून २० मिली. पण तो नियम भरीव तुकड्यासाठी आहे. आमच्या तेवढ्या जाळीचं वजन २ मिलिग्रॅम, तंतूचा व्यास अर्धा मायक्रॉन, पीसीएलची घनता १.१४५ धरली तर तंतूंचं खरं क्षेत्रफळ १४ हजार चौरस मिलिमीटर येतं. नियमाप्रमाणे १.४ लिटर! आणि २० मिली एसबीएफमध्ये फॉस्फेट असतं अवघं २० मायक्रोमोल, त्यातून सगळंच्या सगळं खाली बसलं तरी ॲपेटाइट होईल ३.३ मिलिग्रॅम. द्रावण आतल्या तंतूंपर्यंत पोचायच्या आधीच वरचे तंतू ते रिकामं करतात. जाळी चिरून बघितली तर तसंच होतं: वर दाट, आत कोरं.

उपाय म्हणून जाळी खूप पातळ कातायची आणि द्रावण रोज बदलायचं. बाटली उघडी राहिली तर कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो, म्हणून झाकण घट्ट. आणि जाळी उभी टांगायची. आडवी ठेवली की द्रावणात तयार झालेला गाळ वरून येऊन बसतो आणि तो तंतूवर उगवलाय असं वाटतं.

४ फेब्रुवारी

एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तन. पीसीएलचे पीक २१.४ आणि २३.७ अंशांना, ते ओळखीचे. २५.९ ला ॲपेटाइटचं ००२ (हे आकडे म्हणजे स्फटिकातल्या प्रतलांची नावं; ००२ ची प्रतलं सी-अक्षाला काटकोनात असतात), आणि ३१.८ च्या आसपास २११, ११२, ३०० यांचा एकमेकांत मिसळलेला डोंगर. ००२ चांगलंच उंच. पावडरमध्ये ००२ ची उंची २११ च्या चाळीस टक्के असते, आमच्याकडे जवळजवळ बरोबरीने. दिशा आली म्हणून सगळे खूश.

५ फेब्रुवारी

खुशी रात्रभर टिकली. नेहमीच्या मांडणीत एक्सआरडी फक्त तीच प्रतलं बघतं जी बैठकीला समांतर असतात. आमचे तंतू बैठकीवर आडवे. सी-अक्ष तंतूच्या लांबीत असेल तर ००२ ची प्रतलं तंतूला आडवी, म्हणजे बैठकीवर उभी, आणि ती या मांडणीत दिसणारच नाहीत. आपल्याला हवी ती दिशा मिळाली असती तर ००२ दबायला हवं होतं आणि ३२.९ चं ३०० किंवा ३९.८ चं ३१० वर यायला हवं होतं. उंच ००२ चा अर्थ सुया तंतूतून वर उभ्या आहेत. एसईएमने तेच दाखवलं होतं.

यात नवल काही नाही. ॲपेटाइट सी-अक्षाच्या दिशेने सर्वांत भराभर वाढतं. पृष्ठभागावर दाट बीज पडलं की आडवे झालेले स्फटिक शेजाऱ्यांना धडकून थांबतात, सरळ बाहेर निघालेलेच पुढे जातात. थर जितका जाड, तितकी ही बाहेरची दिशा पक्की. म्हणजे आपण जितकं "जास्त खनिज" करत जाऊ तितके आपल्याला हव्या त्या दिशेपासून लांब जाऊ.

तुम्हीही ००२ चं गुणोत्तर काढून दिशा सिद्ध करणार असाल तर आधी कागदावर तंतू, अक्ष आणि किरण यांचं चित्र काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

११ फेब्रुवारी

टीईएमची तयारी. ड्रमवर ग्रिड (टीईएममध्ये सॅम्पल धरणारी धातूची बारीक चकती) चिकटवून तंतू थेट ग्रिडवर कातले आणि तीच ग्रिड एसबीएफमध्ये टाकली. तांब्याची ग्रिड. दुसऱ्या दिवशी द्रावणाला निळसर छटा आणि ग्रिडची कड कुरतडलेली. क्लोराइड आणि ट्रिस दोघांनी मिळून तांबं खाल्लं. सोन्याच्या ग्रिड मागवल्या आहेत. त्या येईपर्यंत हे काम बंद.

२१ फेब्रुवारी

सोन्याच्या ग्रिडवर खनिज चढलं. टीईएममध्ये तंतू दिसतो, विवर्तन चित्रात ००२ च्या कमानीही दिसतात, ३.४४ अँगस्ट्रॉमवर. पण कमानी तंतूच्या रेषेतही नाहीत आणि काटकोनातही नाहीत, मध्येच कुठेतरी तिरप्या. पहिल्या तंतूत तोच कोन, दुसऱ्यात तोच, तिसऱ्यातही तोच.

सगळीकडे तोच कोन येतोय म्हटल्यावर दोष यंत्राच्या बाजूला शोधायचा. या टीईएममध्ये प्रतिमा आणि विवर्तन चित्र एकमेकांच्या तुलनेत फिरलेले असतात, भिंगांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे, आणि किती फिरले ते मोठेपणा आणि कॅमेरा लांबीवर ठरतं. मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडचे लांबट स्फटिक त्यासाठीच वापरतात: कडेची दिशा माहीत, विवर्तनाची दिशा माहीत, दोन्हींतला फरक म्हणजे फिरण्याचा कोन. तो काढून वजा केला तर आमच्या कमानी तंतूच्या बरोबर काटकोनात येतात.

म्हणजे साळिंदरच. एसईएम, एक्सआरडी, टीईएम तिघांचं एकमत.

आणखी एक: इलेक्ट्रॉनची शलाका पडली की पीसीएल आकसतं, तंतू डोळ्यांसमोर वाकतो. आधी विवर्तन घ्यायचं, शलाका पसरून, आणि प्रतिमा नंतर. उलट क्रमाने केलं तर वाकलेल्या तंतूचं चित्र आणि दुसऱ्याच दिशेचं विवर्तन हातात येतं.

२४ फेब्रुवारी

दिशा बदलायची तर खनिज तंतूला लगटून, पातळ थरातच राहिलं पाहिजे. ठरवलं असं: तंतूच्या अंगावर पॉलिॲक्रिलिक आम्लाचा फुगलेला पातळ थर बसवायचा. कार्बोक्झिलची दाटी सोडियम हायड्रॉक्साइडच्या प्रक्रियेपेक्षा खूप जास्त मिळते आणि खनिज त्या थराच्या आतच धरता येईल अशी आशा.

आधी हेक्झेनडायअमिन, आयसोप्रोपेनॉलमध्ये १० टक्के, ३७ अंश. पृष्ठभागावर अमिन येतात. इथेही फिल्मसाठी छापलेली वेळ तंतूंना फार होते, जाळी ठिसूळ पडते. काही मिनिटांतच काढली. अमिन आलंय का हे निनहायड्रिनने बघायचं तर तापवावं लागतं, आणि पीसीएल ६० अंशांना वितळतं. परीक्षेचा तुकडा वेगळा काढा, तो परत मिळणार नाही. जांभळा रंग आला.

मग ईडीसी आणि एनएचएस ही जोडणीची रसायनं वापरून पॉलिॲक्रिलिक आम्ल जोडलं, एमईएस बफरमध्ये, पीएच ५.५. फॉस्फेट बफर या कामात कुठेही वापरू नका, धुवायलासुद्धा नाही. जाळीत राहिलेलं फॉस्फेट पुढे कॅल्शियम भेटताच नको तिथे गाळ करतं.

टोलुइडिन ब्लूने कार्बोक्झिल मोजलं: रंग चढवायचा, सैल रंग धुवायचा, धरलेला रंग ५० टक्के ॲसेटिक आम्लात उतरवून ६३३ नॅनोमीटरला मोजायचा. आकडा सोडियम हायड्रॉक्साइडच्या जाळीच्या कितीतरी पट.

४ मार्च

कार्बोक्झिल भरपूर, खनिज शून्य. एसबीएफमधून काढलेली जाळी घातली होती तशीच. द्रावण काचेसारखं स्वच्छ.

७ मार्च

अजून शून्य. एसबीएफ खराब असेल म्हणून नवं केलं. शून्य. तापमान तपासलं, पीएच तपासला.

१० मार्च

सापडलं, तेही काहीसं योगायोगाने. बाटल्या कमी होत्या म्हणून एका बाटलीत नव्या जाळीबरोबर सोडियम हायड्रॉक्साइडची जुनी जाळीही टांगली होती, जिच्यावर खनिज हमखास येतं. तिच्यावरही आलं नाही. त्याच द्रावणाच्या दुसऱ्या बाटलीत एकटी टांगलेली तशीच जाळी मात्र पांढरी झाली. म्हणजे नव्या जाळीतून काहीतरी द्रावणात उतरतंय आणि ते अख्ख्या बाटलीची वाढ थांबवतंय.

ते काय असणार? पॉलिॲक्रिलिक आम्लच. पृष्ठभागाला बांधलेलं असेल तर तेच कार्बोक्झिल कॅल्शियम गोळा करून बीज धरतात. द्रावणात मोकळं असेल तर तीच साखळी कोवळ्या कणांना वेढून त्यांची वाढ मारते, आणि त्याला अगदी थोडी मात्रा पुरते. आमच्या जाळीवर अमिन धन भाराचे, आम्ल ऋण भाराचं, म्हणून बरंचसं आम्ल रासायनिक बंध न होता नुसतं भाराने चिकटलेलं होतं. डीआय, म्हणजे आयन काढलेल्या, पाण्याने कितीही धुतलं तरी ते सुटत नाही. एसबीएफमध्ये क्षार भरपूर, तिथे भाराची पकड सैल होते आणि ते सुटतं.

टोलुइडिन ब्लूला बांधलेलं आणि चिकटलेलं यातला फरक कळत नाही. एवढा मोठा आकडा त्यामुळेच आला होता.

१६ मार्च

धुण्याची नवी पद्धत: एक मोलर सोडियम क्लोराइडमध्ये हलवत ठेवायचं, पाणी बदलत, मग तेच थोड्या अल्कधर्मी पीएचला, शेवटी डीआय पाणी. धुतल्यावर टोलुइडिन ब्लूचा आकडा निम्म्याच्याही खाली आला. उरलं ते खरोखर बांधलेलं.

खात्रीची चाचणी सोपी आहे आणि ती पहिल्याच दिवशी करायला हवी: धुतलेली जाळी थोड्या एसबीएफमध्ये रात्रभर ठेवा, जाळी काढा, आणि त्याच द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइडची जाळी टांगा. तिच्यावर खनिज आलं तर धुणं पूर्ण झालं.

आलं. नव्या जाळीवरही आलं. आणि पुन्हा सुया, पुन्हा बाहेरच्या दिशेने, फक्त आधीपेक्षा दाट. एसबीएफला वेळ दिला की ते साळिंदरावरच जातं.

१९ मार्च

इतके दिवस जे द्रावणातून हाकललं त्याचाच एक भाऊबंद आता मापून घालायचा आहे: पॉलिॲस्पार्टिक आम्ल. कॅल्शियम क्लोराइड ४.५ मिलिमोलर, फॉस्फेट २.१ मिलिमोलर, ट्रिस, पीएच ७.४, ३७ अंश, आणि मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम पॉलिॲस्पार्टिक आम्ल. कोलॅजेनच्या आत खनिज भरण्यासाठी हे मिश्रण वापरतात. कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही एसबीएफच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे पॉलिॲस्पार्टिक आम्ल न घालता ठेवलेली बाटली लवकरच दुधाळ झाली. घातलेली स्वच्छ राहिली. मोकळी साखळी खनिजाला स्फटिक होऊ न देता अस्फटिकी थेंबांच्या रूपात तोलून धरते, आणि ते थेंब तंतूला जाऊन चिकटतात.

फॉस्फेटमध्ये आधी पॉलिॲस्पार्टिक आम्ल मिसळा, कॅल्शियम शेवटी, ढवळत.

२३ मार्च

एसईएममध्ये काहीच दिसेना. तंतू कोरे, फार तर किंचित खरबरीत. हे सॅम्पल फेकायच्या बेतात होतो. ईडीएस, म्हणजे क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणारं तंत्र, लावलं तर कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही हजर. खनिज आहे, पण तंतूला इतकं लगटून की वेगळं दिसत नाही.

२७ मार्च

टीईएम. दोन दिवस ठेवलेल्या ग्रिडवर नुसतं धूसर कडं, म्हणजे अस्फटिकी. तिथेच शलाका थोडा वेळ धरली तर ठिपके उमटायला लागले. शलाकेने अस्फटिकी फॉस्फेटचे स्फटिक होतात, ते आपले समजायचे नाहीत. म्हणून प्रत्येक बॅचचं एफटीआयआर, म्हणजे अवरक्त वर्णपट, आधी घ्यायचं ठरलं: प्रति सेंटिमीटर ५६० ते ६०० च्या भागात फॉस्फेटचा एकच पसरट पट्टा असेल तर अस्फटिकी, दोन शेंडे वेगळे झाले तर स्फटिक.

जास्त दिवस ठेवलेल्या ग्रिडवर दोन शेंडे होते. तिचं विवर्तन: ००२ च्या कमानी, फिरण्याचा कोन वजा केल्यावर तंतूच्या रेषेत. कमान बरीच रुंद, मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना वीसेक अंश पसरलेली, आणि २११ चं कडं जवळपास अखंड. सगळ्या तंतूंवर नाही. बारीक तंतूंवर बहुतेक ठिकाणी, मध्यम तंतूंवर काही ठिकाणी, जाड तंतूंतून शलाकाच पार होत नाही तर बोलायचं काय.

मग त्याहून जास्त दिवस ठेवलेली ग्रिड लावली. एसईएममध्ये ती छान दिसते, अंगभर खनिज. विवर्तनात कमानी पसरून पूर्ण कडं झालेलं, दिशा गेली. पहिला थर तंतूच्या दिशेत बसतो, त्याच्यावर वाढणारे पुढचे थर मनाला येईल तिकडे जातात. एसईएममध्ये डोळ्यांत भरणारं सॅम्पल या कामात जवळजवळ नेहमीच उशिरा काढलेलं असतं.

८ एप्रिल

टीईएम म्हणजे निवडक तंतूंची मुलाखत. पूर्ण जाळीचं मत हवं म्हणून एक्सआरडी पारगमन मांडणीत घेतलं: जाळी किरणाच्या वाटेत उभी, मागे द्विमितीय डिटेक्टर. ००२ चं कडं तंतूच्या दिशेला दोन्हीकडे गडद, काटकोनात फिकं. टीईएमपेक्षा पसारा जास्त, कारण तंतूच एकमेकांशी पूर्ण समांतर नसतात, तो तिरपेपणा यात मिसळतो. फेब्रुवारीत हीच मांडणी मागायला हवी होती.

धुणं आणि सुकवणं: डीआय पाण्यात एक-दोनदा बुडवून लगेच इथेनॉल. पाण्यात रेंगाळलं तर उरलेलं अस्फटिकी खनिज तिथेच रूप बदलतं. हवेत सुकवलं की पाण्याच्या ओढीने तंतू एकमेकांना चिकटून जाळीचा कागद होतो. गोठवून सुकवलेली जाळी मोकळी राहते.

१९ एप्रिल

पेशींच्या कामासाठी जाळ्या द्यायच्या आहेत. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांचं, पीसीएल वितळतं ६० ला, तो मार्ग बंद. ७० टक्के इथेनॉल आणि अतिनील प्रकाश यावर भागवतो. त्यानंतर पुन्हा एफटीआयआर आणि विवर्तन घेतलं, फरक दिसला नाही.

पेशींबरोबर तीन कंट्रोल जातील: कोरी जाळी, साळिंदराची जाळी, आणि वाटेल तसे पडलेले तंतू पण खनिज याच पद्धतीचं. तिसरा नसेल तर पेशी तंतूंच्या दिशेने पसरल्या की स्फटिकांच्या, हे कळायला मार्ग नाही. तंतू ओळीत असले की पेशी खनिजाशिवायही ओळीत पसरतात. माध्यमात कॅल्शियम आणि फॉस्फेट असतंच, म्हणून पेशींशिवाय माध्यमात ठेवलेली जाळीही हवी, नाहीतर माध्यमातून बसलेलं खनिज पेशींनी केलं म्हणून मोजलं जाईल.

जाड जाळीचं अजून जमलेलं नाही. पातळ जाळ्यांचे थर एकावर एक रचून बघतोय, प्रत्येक थर आधी वेगळा खनिजवून, तंतूंची दिशा जुळवून. थर एकमेकांना धरून राहत नाहीत. उष्णता देऊन चिकटवायचे तर पीसीएल मऊ होऊन तंतूंची ओळ बिघडते, त्यामुळे कडेला बारीक टाके घालून बांधतोय. द्रावण बदलताना ते टाके सैल होतात, तर पुढच्या खेपेला जाळी कातण्याआधीच ड्रमवर कडेला जाडसर पट्टी घालून बघणार आहे, टाक्याला धरायला काहीतरी मिळेल.